कासिल्दाचं चिमूटभर मीठ

कासिल्दा इनुमाला उपचार-केंद्रातून हाकललं तेव्हा तिच्या एका हातात चादरीचं टोक होतं आणि दुसऱ्या हातात एका पोलिश बाईचं मनगट. "सोड तिला," असं मालकिणीने तीनदा सांगितलं. कासिल्दाने तीनदा ऐकलं आणि एकदाही सोडलं नाही. आता अशा बाईला कामावर कोण ठेवणार?

उकायाली नदीकाठच्या आमच्या सान हेरमान गावात कुणालाच नवल वाटलं नाही. कासिल्दा आहेच तशी. वय एकसष्ट, उंची स्वतःच्या मुलीच्या खांद्याइतकी, कपाळावर भुवयांपर्यंत सरळ कापलेले केस, आणि जीभ अशी की शेजारणी आधी दार लावून घ्यायच्या आणि मग फटीला कान लावून ऐकायच्या. एकदा पुकाल्पा शहराहून कापडाचा व्यापारी आला. कासिल्दाने चार महिने खपून भरलेलं कापड त्याने उलटसुलट पाहिलं आणि कौतुकाने म्हणाला, "वा! अगदी मशीनवर केल्यासारखं." बाईने कापड त्याच्या हातातून ओढून घेतलं. "मग मशीनकडूनच घे जा," म्हणाली. त्या आठवड्यात घरात तेलाचा थेंब नव्हता. मुलगी नेलित कपाळ बडवत होती. कासिल्दा तेच कापड कमरेला गुंडाळून गावभर मिरवून आली.

आणि झाडांच्या बाबतीत तर विचारूच नका. कासिल्दा आमची जाणती. कुठल्या झाडाची साल कशाला, कुठल्या मुळीला कोणतं गाणं, हे तिला ठाऊक. पण नुसतं ठाऊक असून भागत नाही. झाडाकडून औषध मागायचं तर आमच्याकडे पथ्य धरावं लागतं, आणि ते काही डॉक्टरचं तेल-तूप-बंद पथ्य नाही. मीठ नाही, साखर नाही, तिखट नाही. उकडलेली कच्ची केळी आणि भाजलेला मासा, सगळं अळणी. उन्हात जायचं नाही, पावसात भिजायचं नाही, अंगाला सुवास लावायचा नाही, परक्याचा हात लागू द्यायचा नाही. झोपडीत एकटं राहायचं, काढा प्यायचा आणि झाड काय सांगतंय ते गप ऐकायचं. जी जाणती पथ्य बांधून देते तीही रोग्याबरोबर तितके दिवस अळणीच खाते. शेवटच्या दिवशी ती मीठ, लिंबू, कांदा, मिरची यांवर गाणं म्हणते, फुंकर घालते आणि स्वतःच्या बोटांनी रोग्याच्या जिभेवर ठेवते. मग पथ्य सुटतं.

ज्याने बांधलं त्यानेच सोडवायचं. दुसऱ्याने त्यात हात घालायचा नाही. "पथ्यात माणसाचं दार सताड उघडं असतं," कासिल्दा म्हणायची. "ते लावून न घेता माणूस जगात हिंडला, तर कुत्रीमांजरंसुद्धा आत शिरतात."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिच्यावर गुदरलं होतं. सतरा वर्षांची असताना आजोबांनी तिला पहिलं मोठं पथ्य बांधून दिलं, तीन महिन्यांचं. चाळिसाव्या दिवशी आजोबा जाळं टाकायला गेले आणि साप चावून मेले. पोरगी झोपडीत तशीच. गावात आणखी दोन जाणते होते. दोघांनी हात झटकले. म्हणे, म्हाताऱ्याने बांधलेलं आम्ही कसं सोडवू? मग अकरा महिने कासिल्दा अळणी खात राहिली. पावसाचा थेंब पडला की अंगावर फोड यायचा, केस मुठीने गळायचे. आई दारात वाडगं ठेवायची आणि मागे सरायची. ज्याच्याशी ठरलं होतं त्याने धाकट्या बहिणीशी घरोबा केला, आणि नवराबायको तिच्या झोपडीवरून मान खाली घालून जायला लागली.

शेवटी तीच उठली. होडी काढली आणि सहा दिवस वल्हवत उकायालीच्या वरच्या अंगाला गेली. आजोबा ज्या गुरूकडे शिकले त्याच गुरूची एक शिष्या तिकडे राहायची, म्हातारी, एका डोळ्याने आंधळी. गुरू एक असला की गाणंही एकच, म्हणून तिच्या हाताने हे सुटण्यासारखं होतं. तिने पोरीच्या तोंडाकडे पाहिलं, मीठ आणलं आणि एवढंच विचारलं, "इतके दिवस तुझ्याकडे कुणीच आलं नाही?"

त्या दिवशी आपण रडलो, असं कासिल्दा स्वतः सांगते. एरवी मेली तरी कबूल करायची नाही. आणि त्याच दिवशी तिने ठरवलं, की मी बांधलेलं मी सोडवणार, मग आडवा देव का येईना.

आता केंद्राचं. गावापासून होडीने अर्ध्या तासावर रोवेना नावाच्या इंग्रज बाईने ते काढलं. तिची पाठ धरली होती, ती कासिल्दाच्या हाताखाली बरी झाली, आणि मग तिला वाटलं की सगळ्या जगाची पाठ बरी करावी. नदीच्या काठावर लाकडी चौथरा बांधला, झोपड्या बांधल्या, दारावर भलामोठा ॐ रंगवला. आमच्या लोकांना तो कळेना. तीनचा आकडा, त्याला मागे शेपूट, वर टिंब. तेव्हापासून गावात त्या जागेचं नाव पडलं 'शेपटीचा तीन'. पोरगी कुठे कामाला आहे हो? शेपटीच्या तीनात.

तिथे सकाळी योग, दुपारी पानांची आंघोळ, आठवड्यातून तीन रात्री वेलीचा काढा आणि कासिल्दाची गाणी. लांबलांबची दुखणी घेऊन माणसं यायची आणि कासिल्दाला 'माएस्त्रा' म्हणायची, म्हणजे गुरुबाई. योगाशी कासिल्दाचं वैर नव्हतं. हाडं मोकळी होतात तर होऊ देत, म्हणायची. फक्त ती माणसं ढुंगण वर करून ओळीने उभी राहिली आणि हे कुत्र्याचं आसन आहे असं तिला कुणी सांगितलं, तेव्हा तिने नेलितला विचारलं, "कुठल्या कुत्र्याचं? आपला कुत्रा असा उभा राहिला तर मी त्याला जंताचं औषध पाजीन."

रोवेना वाईट बाई नव्हती, हेही सांगून टाकलं पाहिजे. गावात पाण्याची टाकी तिनेच बांधून दिली. पण दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की दुप्पट चांगलं होतं, अशी तिची पक्की समजूत. दूध चांगलं, लिंबू चांगलं, म्हणून दोन्ही एकाच भांड्यात ओतायचं. मग नासलं की भांड्याकडे बघत बसायचं.

त्या खेपेला आलेल्या पाहुण्यांत हालिना होती. पन्नाशीची, थोराड, पोलंडमधल्या कुठल्याशा शहरात ट्राम चालवणारी. दोन वर्षांपूर्वी एक म्हातारा तिच्या ट्रामखाली आला. तुझी चूक नाही, असं कोर्टाने लिहून दिलं. पण हातांना कोण लिहून देणार? तेव्हापासून तिचे दोन्ही हात थरथरायचे. कप उचलला की अर्धा चहा बशीत. तिला ट्रामवरून उतरवून तिकिटांच्या खिडकीत बसवलं, तिथे सुट्टी नाणी हातातून सांडायला लागली. सगळे डॉक्टर झाले, गोळ्या घेऊन आणि सोडूनही वर्ष उलटलं. मग कुणीतरी सांगितलं आणि ती इथे आली.

कासिल्दाने तिचे हात आपल्या मांडीवर घेतले आणि बराच वेळ नुसते धरून ठेवले. मग बोबिन्सानाचं पथ्य बांधून दिलं, बारा दिवसांचं. बोबिन्साना म्हणजे आमच्या नदीकाठचं गुलाबी फुलांचं झुडूप. पुरात सगळं वाहून जातं आणि हे तिथल्या तिथे उभं असतं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. हालिना थोडंसं स्पॅनिश शिकून आली होती, पण नेमक्या वेळी तिला त्यातलं 'नो' सोडून काही आठवायचं नाही. म्हणून एक पोलिशमध्ये बोलायची, एक आमच्या शिपिबोमध्ये, आणि तासन्‌तास चालायचं. नेलित केंद्राच्या स्वयंपाकघरात होती. ती दोघींसाठी अळणी मासा घेऊन जायची तेव्हा दोघी कशावर तरी भांडत तरी असायच्या नाहीतर हसत तरी.

आठव्या दिवशी सकाळी कासिल्दा काढा घेऊन गेली तर झोपडी रिकामी. चौथऱ्यावर सगळे पाहुणे ओळीने उभे, आणि मधोमध हालिना, उघड्या उन्हात, हात जोडून. तिला रोवेनाने स्वतः जाऊन आणलं होतं. बिचारी आठ दिवस एकटी कोंडून बसलीय, जरा अंग हलवलं तर बरं वाटेल, असं तिच्या मनात आलं. वर सुवासिक तेलाचे हात तिच्या पाठीवर ठेवून ती पाठ सरळ करत होती.

कासिल्दाने झोपडीतली चादर उचलली, तशीच चिखलाच्या पायांनी चौथऱ्यावर चढली आणि चादर हालिनाच्या डोक्यावरून टाकली.

"उन्हात आणलंत हिला?"

"कासिल्दा, कोवळं ऊन आहे. सूर्याला नमस्कार घालतोय आम्ही."

"पथ्यात सूर्याला लांबूनच नमस्कार करायचा असतो. सावलीतून. आणि हाताला वास कसला येतोय तुमच्या?"

"लव्हेंडरचं तेल. मन शांत होतं त्याने."

"माझं नाही झालं."

दोन-तीन पाहुणे फसकन हसले. रोवेनाचा चेहरा लाल झाला. "आपण नंतर बोलू," ती म्हणाली.

"नंतर कशाला? ऊन आत्ता पडलंय." कासिल्दाने हालिनाचं मनगट धरलं. "बारा दिवस कुणी हात लावायचा नाही हे तुमच्यासमोर सांगितलं होतं. तेव्हा तर मान डोलावलीत. मान डोलावणं हेही आसनच आहे का?"

"सोड तिला." एकदा. "कासिल्दा, सोड." दोनदा. पाहुणे आता हसत नव्हते. "सोड तिला आणि चालती हो! आजपासून तुझ्या जागी एल्मेर गाईल."

एल्मेर म्हणजे कासिल्दाचा भाचा, भावाचा मुलगा. दोन वर्षं दुसऱ्याच कुणा जाणत्याकडे शिकला होता. पथ्यं धरण्याआधी पिसांचा टोप घालायला शिकला, असं आत्याबाई म्हणायच्या. कासिल्दाने हालिनाला धरून झोपडीत नेलं, सावलीत बसवलं, काढा पाजला. तिच्यासमोर चार बोटं धरली. चार दिवस. मी येते. मग ती होडीत बसली आणि गेली. मागून रोवेनाने रखवालदाराला सांगितलं, की ही बाई पुन्हा धक्क्याच्या पायरीवर दिसता कामा नये.

गावात बातमी होडीच्या आधी पोचली होती. संध्याकाळी रोल्दान आला, गावचा म्होरक्या आणि कासिल्दाच्या मेलेल्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. बसला, इकडचं तिकडचं बोलला, मग मुद्द्यावर आला.

"वहिनी, जरा नमतं घ्या. चौदा घरांच्या चुली त्या केंद्रावर पेटतात. मासे तिथे, लाकूड तिथे, धुणी तिथे. ज्याचं मीठ खाल्लं त्याला जागायला नको?"

"कुणाचं मीठ, भाऊजी? वर्षातले सहा महिने त्यांच्या रोग्यांपायी मी अळणी गिळते. मला मिठाच्या गोष्टी तुम्ही सांगू नका."

"बरं, राहिलं. पण बाई म्हणते, तुम्ही या. पाहुण्यांसमोर एवढंच सांगा, की चूक झाली, थोडं ऊन लागलं किंवा हात लागला तर काही बिघडत नाही. पाहुणे घाबरलेत हो! तेवढं सांगितलंत की ती तुम्हाला त्या पोलिश बाईचं पथ्य सोडवू देईल. कामावरही घेईल परत."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर बाराव्या दिवशी एल्मेर सोडवेल."

कासिल्दाच्या हातातली सुई थांबली. नेलित चुलीपाशी होती, ती पुढे आली. "आई, एक वाक्य आहे गं. बोलून टाक ना. मनात उलटं म्हण."

"मनातलं मलाच ऐकू येईल. मी तोंडाने बोलले ते पुढल्या महिन्यात येणाऱ्यांना ऐकवतील. ऊन चालतं, हात चालतो, खुद्द कासिल्दाच म्हणालीय. मग त्यांना सावलीत कोण बसवणार? तू?"

"आणि हालिनाला तशीच ठेवणार का? तुला ठेवलं होतं तशी?"

हे लागलं. रोल्दाननेही खाली बघितलं. कासिल्दा उठली, बाहेर गेली आणि काठावर जाऊन बसली. तिला भीती वाटत होती, साधी सरळ भीती, आणि तिचा तिला राग येत होता. दारात वाडगं ठेवून मागे सरणारी आई तिला दिसत होती. ती पोलिश बाई थरथरत्या हातांनी विमानात बसेल, आपल्या देशात जाईल, दार उघडं ते उघडंच, आणि तिथे तिला सोडवायला सहा दिवसांच्या वाटेवरसुद्धा कुणी म्हातारी नसेल. एक वाक्य. काय जातं बोलायला? तिने ते वाक्य एकदा नदीकडे तोंड करून हळूच म्हणून बघितलं. मग तिथेच थुंकली.

परत आली ती ठरवूनच. "भाऊजी, बाईला सांगा, कासिल्दा नाही म्हणाली. चौदा घरांना माझं नाव सांगा, शिव्या मला घालू देत." आणि रोल्दान गेल्यावर नेलितला म्हणाली, "तू उद्या कामावर जायचं. हालिनाला सांगायचं, दुसऱ्या कुणाच्या हातचं मीठ घेऊ नकोस. बाराव्या दिवशी सकाळी नदीवर ये."

"तिला भाषा कुठे कळते, आई?"

"तुला हात दिलेत ना देवाने? नुसते केळी सोलायला दिलेत का?"

नेलितने दुसऱ्या दिवशी मासा झोपडीत नेला आणि सगळं हातवाऱ्यांनी सांगितलं. चिमूट दाखवली, तोंड घट्ट मिटलं, मान हलवली, नदीकडे बोट केलं, आई वल्हवते तशी वल्हवून दाखवली. हालिना लक्ष देऊन बघत राहिली. मग तिने तेच सगळं पुन्हा करून दाखवलं, वर कासिल्दाच्या भुवयांमधली आठीसुद्धा घातली. नेलितला हसू आवरेना.

बारावा दिवस शनिवार होता, पाहुण्यांच्या निरोपाचा. चौथऱ्यावर टेबल मांडलं होतं, त्यावर पाव, चीज आणि केक. शेवटचा योग झाला. एल्मेर पिसांचा टोप घालून मिठाची बशी घेऊन आला. त्याने त्याचं स्वतःचं गाणं म्हटलं आणि चिमूट हालिनाच्या तोंडापाशी नेली. हालिनाने ओठ असे मिटले की हनुवटी पांढरी पडली. रोवेना प्रेमाने म्हणाली, "आता घाबरायचं काही नाही, हालिना." हालिना म्हणाली, "नो." एल्मेरने पुन्हा हात पुढे केला. "नो." हे सगळं नेलितने नंतर सांगितलं. कासिल्दा तेव्हा नदीत होती.

पाणी चढलेलं होतं, ओढ जबर होती. ती काठाकाठाने होडी वर घेऊन आली, चौथऱ्याच्या खाली पोचली आणि गावभर ऐकू जाणाऱ्या आवाजात ओरडली, "हालिनाऽऽ!"

रोवेना धावत धक्क्यावर उतरली. "पायरीवर पाय ठेवायचा नाही! ही खासगी जागा आहे. मी पोलीस बोलवीन."

"पायरी तुमची. सांभाळून ठेवा. माझा पाय होडीत आहे."

"होडी इथे बांधायची नाही!"

"कोण बांधतंय? आणि नदी कधी विकत घेतलीत, बाई? तिच्यावर तुमचा शेपटीचा तीन रंगवलेला दिसत नाही मला."

बोलायला बोलली, पण आत तिचं धाबं दणाणलं होतं. होडी बांधायची नाही म्हटलं की वल्हवत राहायला हवं. वल्हं सोडलं की प्रवाह खेचून नेणार. आणि मिठावर गायचं, फुंकर घालायची, जिभेवर ठेवायचं, याला दोन्ही हात मोकळे लागतात. काठावर बसून तिने सगळ्याचा विचार केला होता, एवढ्याचाच केला नव्हता. नेलित कमरेचं फडकं खोचून पुढे निघाली.

तिच्या आधी हालिना उतरली. पायऱ्या, चिखल, पाणी, कपड्यांसकट मांड्यांपर्यंत आत. तिने होडीचा काठ दोन्ही हातांनी धरला, पाय गाळात रोवले आणि अंगाचा सगळा भार मागे टाकला. होडी एकदा हिसका देऊन फिरली आणि थांबली. कासिल्दाने तिच्याकडे पाहिलं. मग वल्हं आत ठेवलं, वाडगं मांडीवर घेतलं आणि गायला लागली.

ते गाणं काही आखूड नाही. कासिल्दाने एक ओळसुद्धा गाळली नाही. वरून रोवेना ओरडत होती, पोलिसांचं, कराराचं, पाहुण्यांचं काहीबाही. मग हळूहळू तिचा आवाज खाली गेला. तिची पाठ धरली होती तेव्हा तिच्या उशाशी बसून कासिल्दाने चौदा रात्री गायलेलं गाणं याच चालीचं होतं, आणि ते ती विसरली असेल असं मला वाटत नाही. ती पायरीवर खाली बसली. एल्मेरने टोप काढून काखेत धरला होता. पाहुणे कठड्याला लागून उभे होते.

गाणं संपलं. कासिल्दाने फुंकर घातली, चिमूट उचलली. "आ कर." हालिनाने तोंड उघडलं. मीठ, लिंबू, कांदा, आणि आमची ती पिवळी वाटाण्याएवढी मिरची, सगळं जिभेवर. हालिनाचं तोंड वेडंवाकडं झालं, डोळ्यांतून घळाघळा पाणी, ती खोकली, पोलिशमध्ये बहुधा शिव्या दिल्या. वाडग्यात उरलेलं कासिल्दाने स्वतःच्या तोंडात टाकलं. बारा दिवस तिनेही अळणीच खाल्लं होतं. तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मिरची तिखट होती, असं तिचं अजून म्हणणं आहे.

"झालं. सोड आता," ती म्हणाली.

हालिनाने सोडलं नाही. ती आपल्या हातांकडे बघत होती. बोटं लाकडावर घट्ट आवळलेली, आणि होडीला ओढ लागत होती तरी हात जागचे हलत नव्हते. किती वेळ ती तशी उभी राहिली कोण जाणे. मग तिने एक पाय उचलला आणि सरळ होडीत चढायला लागली. होडी उलटता उलटता राहिली.

"अगं बया, बुडवतेस का मला! बस खाली!"

"हालिना, उद्या तुझं विमान आहे!" रोवेनाने वरून हाक मारली.

"नो," हालिना म्हणाली. विमानाला की रोवेनाला, ते कळलं नाही. विमान तिने दुसऱ्या दिवशी पकडलं, पण ती रात्र तिने कासिल्दाच्या घरी काढली. नेलितने स्वयंपाकघरात बांधायचं कमरेचं फडकं सोडलं, घडी करून पायरीवर ठेवलं आणि तीही होडीत येऊन बसली. तिघींच्या वजनाने काठ पाण्याला टेकायला आला.

"आता आपण खायचं काय, आई?"

"मासा. भरपूर मीठ घालून."

नदीच्या मध्यावर आल्यावर कासिल्दा हालिनाकडे वळली. "बघ," ती शिपिबोमध्ये म्हणाली, "आले की नाही मी?" हालिनाला त्यातलं काय कळलं असणार? तिने नाक पुसलं, पोलिशमध्ये काहीतरी उत्तर दिलं आणि वल्ह्यासाठी हात पुढे केले. दोन्ही. कासिल्दाने क्षणभर विचार केला आणि वल्हं तिच्या हातात दिलं.

होडी तिरकी, थेट काठावरच्या झाडात निघाली.

"डावीकडे, बाई, डावीकडे!" कासिल्दा ओरडली. "इथे रूळ नाहीत!"